बकरीचं पिल्लू शिंकलं, तिथपर्यंत लिही

पत्र :
ताई, मी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. पट २४. गेल्या महिन्यात शेगावची सहल नेली. परत आल्यावर मुलांना ‘आमची सहल’ लिहायला सांगितलं. बहुतेक सगळ्या वह्यांत एकच मजकूर : ‘आम्ही सकाळी बसने गेलो. दर्शन घेतले. जेवण केले. खूप मजा आली. संध्याकाळी घरी आलो.’ बसमध्ये हीच मुलं इतकी बडबडत होती की माझं डोकं उठलं होतं. वहीसमोर बसली की गप्प. चौघापाच जणांनी तर घरून मोबाइलवरचा निबंध उतरवून आणला, त्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. एक मुलगी आहे, गळ्यात घराची किल्ली बांधून येते. ती दर वेळी म्हणते, ‘माह्याजवळ काही नाही लिवाले.’ शुद्धलेखनाच्या चुका इतक्या की तपासता तपासता वही लाल होऊन जाते. मुलांना स्वतःचं असं काही लिहायला शिकवायचं तरी कसं? की या वयात ते जमतच नाही?
— एक वर्गशिक्षिका

प्रिय मॅडम,

जमतं. तिसरी-चौथीत तर फार छान जमतं. पुढे सातवी-आठवीत मुलं लाजायला लागतात, परीक्षेतल्या निबंधाचे साचे पाठ झालेले असतात, तेव्हा ते खरं अवघड होतं. तुमच्यासमोर बसलेली मुलं अजून अलीकडच्या काठावर आहेत, तेव्हा आत्ताच हात घाला.

तुमच्या पत्रातली बसमधली बडबड मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. बसमध्ये त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं आणि वहीत नव्हतं, असं का झालं? बसमध्ये शेजारच्याला ते माहीत नव्हतं. वही वाचणार होतात तुम्ही, आणि तुम्ही तर सहलीत सोबतच होतात. बस किती वाजता निघाली, दर्शनाला रांग किती होती, जेवायला कुठे बसलो, हे सगळं मॅडमना ठाऊक आहे. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला मूल काय सांगणार? ते नुसती हजेरी देतं : गेलो, आलो, जेवलो. मी अशा लिखाणाला ‘गेलो-आलो लेखन’ म्हणायचे. त्यात मुलाची चूक काडीची नसते. म्हणून माझा पहिला सल्ला असा की सहलीचा विषय सोडून द्या. सगळा वर्ग मिळून जे करतो ते स्वतःचं लिहायला शिकण्यासाठी सगळ्यात वाईट विषय असतात. सहल, स्नेहसंमेलन, पंधरा ऑगस्ट, सगळे त्यातलेच. जे तुम्ही पाहिलेलं नाही आणि त्या एकाच पोरानं पाहिलंय, ते त्याला लिहू द्या.

माझ्याच वर्गातली एक गोष्ट सांगते. नोकरीची शेवटची काही वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यात होते. तिसरीतल्या एका मुलाने ‘घरी घडलेलं काहीतरी’ म्हणून तीन वाक्यं लिहून वही पुढे केली :

‘आमची बकरी व्याली. दोन पिल्ले झाली. मला आनंद झाला.’

पूर्वीची मी असते तर ‘छान, अजून पाच ओळी लिही’ म्हटलं असतं. पोरगं जागेवर गेलं असतं आणि ‘पिल्ले पांढरी होती. पिल्ले छान होती. मला पिल्ले आवडतात’ असं भरताड करून घेऊन आलं असतं. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बस्करावर जाऊन बसले आणि विचारलं, “केव्हा व्यायली?”

“रातच्याला.”

“अंधारात दिसलं कसं मग?”

“लाइन गेलती. म्या बॅटरी धरली होती ना.”

“तू धरली होतीस?” मला खरंच नवल वाटलं होतं, आणि ते त्याला दिसलं. तो सरसावून बसला. मग मला विचारावंच लागलं नाही. माय काय म्हणाली, हात कसा हालत होता, दुसरं पिल्लू बाहेर आलं आणि हाललंच नाही, मायनं त्याचं नाक पुसलं. शेवटी म्हणाला, “मंग ते शिंकलं!” आणि स्वतःच हसायला लागला.

मी म्हटलं, “हे तू मला सांगितलंस ना, हेच लिही. ते शिंकलं तिथपर्यंत लिही आणि थांब.”

दोन तासिका लागल्या. त्याने लिहिलेलं मला अजून पाठ आहे :

‘रातच्याला लाइन गेलती. मायनं हाक मारली. बकरी ओरडत होती. मायनं मले बॅटरी धराले सांगतली. माहा हात हालत होता. माय म्हणे हालू नको नीट धर. एक पिल्लू आलं. मंग दुसरं आलं पण ते हाललंच नाही. मायनं त्याच्या नाकातला चिकटा फडक्यानं पुसला. मी बॅटरी त्याच्या तोंडावर धरली. मंग ते शिंकलं.’

पहिल्या तीन वाक्यांत ‘आनंद झाला’ हे शब्द होते. या अकरा वाक्यांत आनंद हा शब्दच नाही, आणि त्याने वाचून दाखवलं तेव्हा ‘शिंकलं’ म्हणताच सगळा वर्ग ओरडला. मी त्याला काय शिकवलं? लेखन म्हणून काहीच नाही. मला जे माहीत नव्हतं ते विचारलं, एवढंच. ‘अजून लिही’ हा हुकूम झाला, त्याने मूल फक्त ओळी वाढवतं. ‘लाइन गेली होती तर दिसलं कसं?’ हे कुतूहल झालं, आणि त्याचं उत्तर त्याच्याशिवाय जगात कुणाकडेच नव्हतं.

मॅडम, प्रश्न विचारताना एवढंच जपा की ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तो प्रश्न विचारायचा नाही. पोरांना ते लगेच कळतं. ‘मग तुला कसं वाटलं?’ हा प्रश्नसुद्धा मी फार कमी विचारते, कारण त्याला मुलं ‘छान’ किंवा ‘वाईट’ एवढंच उत्तर देतात. त्यापेक्षा ‘तू तेव्हा कुठे उभी होतीस?’, ‘हातात काय होतं?’, ‘ती नेमकं काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांग’, ‘मग तू काय केलंस?’ असं विचारलं की वाटणं आपोआप कागदावर येतं. आणि ‘खूप मजा आली’ला खोडू नका. तिथे बोट ठेवून म्हणा, “खूप म्हणजे काय काय झालं? मी नव्हते ना तिथे.”

दुसरी गोष्ट गोष्टीच्या आकाराची. मुलं पूर्ण दिवस लिहायला जातात. सकाळी उठण्यापासून सुरुवात करतात आणि मुद्द्याशी येईपर्यंत हात दुखायला लागतो. त्यांना एक छोटा तुकडा निवडायला शिकवावं लागतं, आणि हे शिकवल्याशिवाय येत नाही. आजकालच्या मुलांना त्यासाठी मोबाइलचा दाखला बरोबर लागू पडतो. फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा कसा करतात ते त्यांना सांगावं लागत नाही. म्हणा, “सगळी जत्रा नको. दोन बोटांनी मोठा केला तर जत्रेतला कोणता तुकडा दिसतो?” पाळण्यात सगळ्यात वर गेल्यावर तो थांबला तेवढंच. चप्पल हरवल्याचं कळलं तेवढंच. तुमच्या शेगावच्या सहलीतही असा तुकडा प्रत्येकाकडे आहे. कुणाची कचोरी हातातून पडली असेल, कुणी पहिल्यांदाच एवढ्या लांब आईशिवाय आलं असेल. ते मात्र तुम्ही पाहिलेलं नाही, तेव्हा ते लिहिता येईल.

हे नुसतं समजावून सांगू नका, फळ्यावर करून दाखवा. आपण मुलांना लिहायला सांगतो, पण मुलांनी आपल्याला कधी लिहिताना पाहिलेलं नसतं. त्यांना वाटतं, मोठ्या माणसांचं लिखाण छापूनच येतं. तेव्हा एक दिवस तुमचाच साधा प्रसंग घ्या. आधी फळ्यावर लिहा : ‘काल पाऊस आला. माझी स्कूटी बंद पडली. मला उशीर झाला.’ मुलांना म्हणा, “मला विचारा काहीही.” ती तुटून पडतील. कुठे बंद पडली, कोणी ढकलली, साडी भिजली का. मग त्यांच्यासमोर, थांबत, खोडत, दुसऱ्यांदा लिहा : ‘पुलाच्या अलीकडे स्कूटी खोकल्यासारखी करून थांबली. मी किक मारली. पुन्हा मारली. मागून ट्रॅक्टर आला आणि चिखलाचं पाणी माझ्या डब्याच्या पिशवीवर उडालं.’ एक शब्द खोडा, दुसरा घाला, ‘हा बरा वाटतोय का?’ असं त्यांनाच विचारा. मॅडमसुद्धा खोडतात हे त्यांनी पाहिलं की खोडायची भीती जाते. माझ्या वर्गात तर खोडलेलं दिसायलाच हवं, रबर चालणार नाही, असा नियमच होता.

लिहिण्याआधी बोलणं मात्र चुकवू नका. जोडीजोडीने पाच मिनिटं एकमेकांना सांगू द्या. वर्गात गोंधळ होईल, होऊ द्या. तोंडाने एकदा सांगून झालेली गोष्ट कागदावर सोपी जाते. तुमच्या परिपाठात रोज बोधकथा असेलच. आठवड्यातून एक दिवस तिच्या जागी एका मुलाला घरचं काहीतरी सांगू द्या, दोनच मिनिटं, आणि बाकीच्यांनी दोन प्रश्न विचारायचे. प्रश्न विचारण्याची सवय मुलांनाच लागली की तुमचं निम्मं काम ती करतात. तिसरीतल्या ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी आधी चित्र काढावं आणि चित्राकडे बोट दाखवत सांगावं, तुम्ही किंवा चौथीतल्या एखाद्या दादा-ताईने ते त्यांच्याच शब्दांत चित्राखाली लिहून द्यावं. जोडवर्गाचा हा मोठा फायदा आहे. स्वतः बोललेलं वाक्य लिहून समोर आलं की मूल ते वाचतंच, अनोळखी धड्यापाशी अडणारं मूलसुद्धा.

आता भाषा. तुम्ही त्या मुलीचं वाक्य पत्रात जसंच्या तसं लिहिलंत, ‘माह्याजवळ काही नाही लिवाले’, ते वाचून मला बरं वाटलं. मुलाची बोली तुम्हाला खुपत नाही, तिच्याकडे तुमचं लक्ष आहे. वऱ्हाडी पोराला स्वतःचा अनुभव सांगायचाय आणि त्याच वेळी ‘मला’, ‘तुला’, ‘कशाला’ असं पुस्तकातलं बोलायचंय, तर त्याला एकाच वेळी दोन कामं होतात. आणि तो सोडतो ते अनुभवाचं काम, कारण मार्क भाषेला आहेत हे त्याला ठाऊक असतं. त्यात आपल्या मराठीची आणखी एक भानगड. तोंडात ‘केलं, गेलं, पिल्लं’ आणि पुस्तकात ‘केले, गेले, पिल्ले’. मुलगा ‘पिल्ले’ लिहायला बसला की त्याच्या कानातली बकरीच गप्प होते. म्हणून अनुभवाच्या वहीत पहिल्यांदा लिहिताना बोली चालते, असं मी वर्गात उघड सांगून टाकायचे. माणसं जे बोलली ते तर शेवटपर्यंत जसंच्या तसं ठेवायचं. बकरीवाल्या मुलाची माय ‘हलू नकोस, व्यवस्थित धर’ असं कधीच म्हणाली नसती.

मग प्रमाण भाषा कधी? ती हवीच, त्यात हयगय नको. पुढच्या शाळेत, अर्जात, नोकरीत याच मुलांना ती लागणार आहे. पण ती एक-एक वाक्य शेजारी ठेवून शिकवा. “आपण घरी ‘मले’ म्हणतो, पुस्तक ‘मला’ म्हणतं, दोन्ही लिहून बघू.” चौथीतली मुलं हा बदल खेळासारखा करतात. एकीला मी विचारलं होतं की तुझ्या गोष्टीतलं कोणतं वाक्य पुस्तकी करायचं आणि कोणतं नाही. ती म्हणाली, ‘आजीचं नाही करायचं.’ एवढी समज त्यांना असते.

एका पालकाने माझ्याकडे तक्रार केली होती, मॅडम मुलाला गावंढळ लिहायला शिकवतात म्हणून. मी त्यांना शाळेत बोलावून वहीतली दोन पानं शेजारी शेजारी दाखवली, आधी बोलीत लिहिलेलं आणि नंतर मुलाने स्वतः बदलून लिहिलेलं. ते वाचत बसले. तक्रार पुन्हा आली नाही. असं कुणी आलं तर वाद घालू नका, वही दाखवा.

लाल पेनचं सांगते. वही लाल होते कारण आपण सगळंच एकदम पाहतो. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं, विरामचिन्हं आणि अक्षरसुद्धा. ३० खुणांतून मूल एकच गोष्ट शिकतं, की कमी लिहिलं तर खुणा कमी येतात. तुमच्या मुलांची पाच वाक्यांची सहल त्यातूनही आली असेल. मी एका वेळी एकच गोष्ट धरायचे. पहिले दोन महिने फक्त शब्दांत अंतर आणि वाक्यापुढे दंड किंवा टिंब. ते बसलं की बोललेल्या वाक्याभोवतीची अवतरणचिन्हं, आणि ती या लेखनात मुलं आवडीने शिकतात, कारण त्यांना कुणाचं तरी बोलणं टिपायचं असतं. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरायचा. मला ते फार जड गेलं, तुम्हालाही जाईल. पूर्ण शुद्ध करण्याचीही वेळ असते. महिन्यातून एक लिखाण मूल स्वतः निवडतं, ते भिंतीवर लागणार असतं, दुसरं कुणी वाचणार असतं. तेव्हा “वाचणाऱ्याला अडखळायला होऊ नये म्हणून” असं सांगून आपण सोबत बसून नीट करायचं. त्या वेळी मुलं स्वतःच विचारतात, “मॅडम, ‘पिल्लू’ला कोणता ऊकार?”

वाचणारं कुणी असणं किती मोठी गोष्ट आहे, हे फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने नावाच्या शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुफ्फुसाला जखम झाली होती. दक्षिणेकडच्या बार-सुर-लू या खेड्यातल्या शाळेत ते रुजू झाले तेव्हा त्यांना फार वेळ बोलून शिकवणंही झेपत नव्हतं. ते मुलांना गावात फिरायला नेत, परत आल्यावर मुलं पाहिलेलं सांगत, लिहीत. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात हाताने चालवायचं लहान छापयंत्र आणलं आणि मुलं स्वतःचं लिखाण खिळे जुळवून छापायला लागली. पुढे ते छापील कागद पार दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनी भागातल्या शाळेत पाठवले आणि तिकडच्या मुलांचे कागद इकडे आले. समुद्राकाठची मुलं आणि डोंगरातली मुलं. एकमेकांना काही म्हणजे काहीच माहीत नाही, त्यामुळे सगळंच सांगण्यासारखं! आपल्याकडे तर झेरॉक्स आहे, मोबाइलचा कॅमेरा आहे. तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या एखाद्या शाळेतल्या ओळखीच्या शिक्षिकेला विचारा. महिन्यातून एकदा पाच-पाच पानांची देवाणघेवाण करा. शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, तुम्ही भेटताच, तेव्हाच पाकीट हातात द्या. उत्तरात त्यांच्या मुलांनी एकेक प्रश्न लिहून पाठवायचा, बस. बकरीवाल्याला शेजारच्या गावातून प्रश्न आला होता, ‘पिल्लाचं नाव काय ठेवलं?’ त्याने त्या एका प्रश्नाला पानभर उत्तर लिहिलं.

आता जरा जड विषय, आणि तो मी माझ्या चुकीपासून सुरू करते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात चौथीतल्या एका मुलीने लिहिलं होतं की बाबा रात्री उशिरा आले की ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते आणि तिथे तिला कणगीचा वास येतो. मला ते लिखाण इतकं आवडलं की मी ते तिला न विचारता वर्गात मोठ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी पोरांनी तिला चिडवलं. त्यानंतर वर्षभर तिने ‘मी सकाळी उठते. मी दात घासते’ एवढंच लिहिलं. आणि त्याहून मोठी चूक ही की मी वाक्याचं कौतुक केलं आणि मूल घाबरून कोठीमागे का बसतंय, हे पाहिलं नाही.

म्हणून हे दोन नियम पहिल्याच दिवशी करा. लिखाण मुलाला विचारल्याशिवाय वाचून दाखवायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही. आणि ज्या पानाचा कोपरा दुमडला आहे ते फक्त मॅडमनी वाचायचं. दुमडलेल्या पानावर चुका काढायच्या नाहीत, खाली माणसासारखं एक वाक्य लिहायचं. त्यात मारहाण, उपासमार, कामाला जुंपणं असं काही आलं तर मुलाशी एकट्याने शांतपणे बोला, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, मुख्याध्यापकांना सांगा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक विनामूल्य आणि २४ तास चालू असतो. लैंगिक छळाचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारकच आहे, तिथे घरच्यांची समजूत काढत बसायचं नसतं. दर वेळी असं काही निघेल असं मुळीच नाही. वर्षभरात निघणारही नाही कदाचित. पण मुलांना खरं लिहा म्हणायचं तर खरं आल्यावर काय करायचं हे आपल्याला माहीत असायला हवं.

याच कारणाने ‘माझी आई’, ‘माझी दिवाळीची सुट्टी’ असले विषय सगळ्यांना सक्तीने देऊ नका. वर्गात कुणाची तरी आई नसते. कुणाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात. विषय द्यायचाच तर असा द्या, ज्यात प्रत्येकाला स्वतःची वाट सापडेल : काहीतरी हरवलं तेव्हा, मी एकट्याने केलेलं काम, अंगावरची एखादी खूण कशी पडली. गुडघ्यावरच्या व्रणाची गोष्ट तर सांगायची नाही म्हटलं तरी मुलं सांगतात.

मुलं थापाही मारतील. ‘मी वाघ पाहिला’ असं कुणीतरी लिहीलच. रागावू नका. वहीच्या एका बाजूने खऱ्या गोष्टी आणि उलट्या बाजूने मनातल्या गोष्टी, अशी सोय करा आणि वाघ सन्मानाने मागच्या बाजूला जाऊ द्या.

मोबाइलवरून उतरवून आणण्याचा उपाय सोपा आहे. हे लेखन गृहपाठाला द्यायचंच नाही. घरी दिलं की दादा, काका, नाहीतर मोबाइल लिहितो. घरून आणायची ती फक्त आठवण, लिहायचं वर्गातच. आठवड्याला दोन तासिका ठेवा. २४ मुलांशी एका दिवसात बोलणं होणार नाही, रोज चौघांजवळ दोन-दोन मिनिटं बसलात तरी आठवड्यात सगळी होतात. वेगळी साधी वही करा आणि प्रत्येक लिखाणावर तारीख घाला. कुणी वह्या तपासायला आलं तर जूनचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी उघडून ठेवा. आकारिक मूल्यमापनातल्या, म्हणजे मुलाची प्रगती वर्षभर पाहत लिहायच्या, वर्णनात्मक नोंदीही त्यातूनच मिळतील, ‘लेखन समाधानकारक’ असं २४ वेळा लिहावं लागणार नाही.

राहिली ती किल्लीवाली मुलगी. तिचा विचार मी पत्र वाचल्यापासून करतेय. तिच्याजवळ लिहायला काही नाही असं ती म्हणते, आणि तिच्या गळ्यात किल्ली आहे. म्हणजे बहुतेक आईवडील सकाळीच कापूस वेचायला किंवा कामाला जात असतील, घर बंद करून तीच शाळेत येत असेल आणि तीच पहिली घरी पोचत असेल. तुमच्या वर्गात किती जणांना कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं माहीत आहे? पण तिला ते ‘काहीतरी’ वाटत नाही, कारण ते रोजचं आहे. सहल, वाढदिवस, जत्रा म्हणजेच अनुभव, असं आपणच तिला इतकी वर्षं शिकवलंय.

तिला वर्गासमोर विचारू नका, आणि ‘एकटीला भीती नाही वाटत?’ असं तर मुळीच विचारू नका. त्यात कीव येते आणि ती लगेच ओळखेल. मधल्या सुट्टीत, शालेय पोषण आहाराची ताटं धुऊन झाल्यावर तिच्याजवळ जा आणि सहज विचारा की या किल्लीने कुलूप पटकन उघडतं का अडतं. अडत असेल तर ती कशी उघडते ते हाताने करून दाखवेल. दार उघडल्यावर आधी काय करते, ते विचारा. चूल पेटवते, कोंबड्या सोडते की नुसतीच उंबऱ्यात बसते, मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. ती जे बोलेल ते तिच्यासमोरच एका कागदावर तिच्याच शब्दांत उतरवा, पाच-सहा वाक्यं झाली की थांबा, आणि तो कागद घडी करून तिच्या हातात द्या. पुढचं वाक्य तिला स्वतः लिहावंसं वाटेल तेव्हा पेन्सिल तिच्या हातात असू द्या. आणि तिची हरकत नसेल तर ते कुलूप अडतं की उघडतं, एवढं मला जरूर कळवा.

तुमची,
ताई